अस्सल गाडी ओळखावी कशी?

'जुने ते सोने' ही म्हण आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु सोने घेणारा माणूस नुसत्या म्हणीवर विसंबत नाही. सराफ ते कसोटीवर घासून पाहतो आणि मगच भाव बोलतो. जुन्या मोटारींचेही तसेच आहे. तीस-चाळीस वर्षांची गाडी भंगारात जाते हा आपला नेहमीचा अनुभव. पण जगात अशाही काही गाड्या आहेत, की ज्यांचे वय वाढते तसतशी किंमतही वाढत जाते. मर्सिडीझ कंपनीची १९५५ सालची एक गाडी मे २०२२ मध्ये १३.५ कोटी युरोला विकली गेली. एवढे पैसे कोणी वेगासाठी मोजत नाही. वेगच हवा असेल, तर याच्या अंशमात्र पैशांत नवी गाडी मिळते. किंमत असते ती अस्सलपणाची. आणि जिथे अस्सलाला मोल आले, तिथे नक्कलही आलीच.

अशी जुनी स्पोर्ट्स कार विकत घेण्यापूर्वी तिचे अस्सलपण कसे तपासतात, हे प्रस्तुत लेखात थोडक्यात सांगण्याचा विचार आहे. आपल्यापैकी कोणी उद्या तशी गाडी घेणार आहे असे नव्हे. मी स्वतः एस.टी.च्या पासावर महाविद्यालयात येतो. मग कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का निवडावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या घरात घडलेल्या एका गोष्टीत आहे. ती आधी सांगतो.

एका जीपची गोष्ट

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील तालुक्याच्या गावी एका गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगचे काम करतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, राहिलेल्या खड्ड्यांत पुटी भरायची, ती पेपरने घासून गुळगुळीत करायची, वर प्रायमर आणि रंग मारायचा, हे त्यांचे पंचवीस वर्षांचे काम. मोडलेली गाडी मोडली होती असे वाटू नये, हेच त्यांचे कसब.

मी दहावीत असताना मामांनी वडापसाठी एक जुनी जीप ठरवली. पतसंस्थेचे कर्ज आणि आजीच्या पाटल्या अशी पैशांची जुळणी झाली. "दाजी, तुम्ही एकदा नजर टाका," म्हणून मामा अण्णांना घेऊन गेले. बरोबर मीही होतो. अण्णांनी बोटांनी पत्रा वाजवून पाहिला, वाकून तळ पाहिला आणि म्हणाले, "पत्रा चांगला हाय. घ्यायला हरकत न्हाई." मला इंग्रजी वाचता येते म्हणून नोंदणीचे पुस्तक माझ्या हाती दिले होते. त्यातला चासी नंबर मी मोठ्याने वाचला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि व्यवहार झाला.

पुढे नाव बदलण्यासाठी जीप तपासणीला नेली. तिथे चासीवरच्या नंबरावर कागद ठेवून त्यावरून पेन्सिल फिरवली गेली. कागदावर आकडे उमटले, त्यांतले दोन इतरांपेक्षा खोल आणि जरा तिरपे होते. मूळ आकडे घासून त्या जागी नवे ठोकलेले होते. जीप चोरीची निघाली. विकणारा तोवर गाव सोडून गेला होता. जीप पोलीस ठाण्याच्या आवारात दोन पावसाळे उभी राहिली. मामांचे कर्ज अजून फिटलेले नाही.

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. एवढेच म्हणाले, "म्या पत्रा बघितला, तू पुस्तक वाचलंस. पर दोन्ही एका जागी धरून कुणीच न्हाई वाचलं."

या एका वाक्याने मला या विषयाकडे वळवले. गाडीचे अस्सलपण तपासणे याचे शास्त्र आहे का, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा कळले, की परदेशांतील जुन्या गाड्यांच्या संग्राहकांनी ते फार बारकाईने विकसित केले आहे. आणि त्या सगळ्या शास्त्राचा सारांश अण्णांच्या त्या वाक्यातच आहे: कागद आणि लोखंड एकमेकांसमोर धरून वाचावे.

उदाहरणासाठी एक गाडी

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. आपण कोणत्याही जुन्या गाडीला 'विंटेज' म्हणतो. परंतु इंग्लंडमधील जाणकारांच्या भाषेत विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० या काळात बनलेली गाडी. त्यानंतरच्या नामांकित जुन्या गाड्यांना सामान्यतः 'क्लासिक' म्हणतात. स्पोर्ट्स कार म्हणजे कुटुंबाला फिरवण्यापेक्षा वेगाने चालवण्याच्या आनंदासाठी बनवलेली, बहुधा दोन आसनांची, ठेंगणी गाडी.

तपासणी कशी करतात हे एका गाडीवरून समजून घेणे सोपे जाईल. त्यासाठी मी इंग्लंडच्या जॅग्वार कंपनीची 'ई-टाइप' निवडली आहे. एक तर तिच्या कारखान्यातील नोंदी उत्तम जपलेल्या आहेत. दुसरे म्हणजे सत्तर हजारांहून अधिक गाड्या बनल्यामुळे खऱ्या-खोट्याचे सर्व प्रकार तिच्यात पाहायला मिळतात. ही गाडी मार्च १९६१ मध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली आणि १९७४ पर्यंत बनत राहिली. तिचा आकार माल्कम सेयर यांनी रेखला. हवेचा विरोध कमीत कमी व्हावा म्हणून तो गणिताने काढलेला होता. आरंभी तिला ३.८ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन होते, १९६४ पासून ४.२ लिटरचे आले, आणि १९७१ पासूनच्या तिसऱ्या मालिकेत बारा सिलिंडरचे. उघडी आणि बंद टपाची असे तिचे दोन मुख्य प्रकार. शिवाय सुकाणू उजवीकडे किंवा डावीकडे.

आता समजा, कोणी अशी एक गाडी पुढे उभी केली आणि म्हणाला, "ही १९६२ ची, सर्व काही मूळचे." खरेदीदाराने काय करावे?

पहिली पायरी: जन्माची नोंद

गावात मूल जन्मले की त्याची नोंद होते, तशी कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जॅग्वारची नोंद वहीत होत असे. चासी नंबर, इंजिन नंबर, गिअरबॉक्स नंबर, बॉडी नंबर, बाहेरचा रंग, आतल्या कातड्याचा रंग, बनल्याची तारीख, रवाना झाल्याची तारीख आणि कोणत्या विक्रेत्याकडे गेली, हे सर्व त्यात असे. या जुन्या वह्यांच्या आधारे गाडीच्या मालकाला एक प्रमाणपत्र मिळू शकते. जाणता खरेदीदार आधी ते मागतो.

परंतु येथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हे प्रमाणपत्र गाडी जन्मली तेव्हा कशी होती एवढेच सांगते. आज समोर उभी असलेली गाडी तीच आहे, असे ते सांगत नाही. आपला जन्मदाखला घेऊन दुसराच कोणी नोकरीच्या मुलाखतीला गेला, तर दाखला खोटा ठरत नाही, माणूस खोटा ठरतो. तेव्हा कागद हातात घेऊन लगेच बॉनेट उघडावे.

दुसरी पायरी: आकड्यांची भाषा

बॉनेटखाली एक छोटी धातूची पट्टी असते. तिच्यावर वरचे चारही नंबर असतात. हे नंबर नुसते क्रमांक नव्हेत, त्यांची एक भाषा आहे. ३.८ लिटरच्या गाड्यांत उजव्या सुकाणूच्या उघड्या गाड्यांचे चासी नंबर ८५०००१ पासून सुरू होतात, उजव्या सुकाणूच्या बंद गाड्यांचे ८६०००१ पासून, डाव्या सुकाणूच्या उघड्या गाड्यांचे ८७५००१ पासून आणि डाव्या सुकाणूच्या बंद गाड्यांचे ८८५००१ पासून.

यावरून काय कळते पाहा. उघड्या गाडीला बंद गाडीपेक्षा बाजारात जास्त भाव येतो. म्हणून काही लोकांनी बंद गाडीचे टप कापून ती उघडी केली. अशी गाडी दिसायला हुबेहूब. पण तिचा नंबर ८८५ ने सुरू होत असेल, तर ती जन्माने बंद गाडी आहे हे क्षणात उघड होते. त्याचप्रमाणे या गाड्यांपैकी बहुसंख्य परदेशी, विशेषतः अमेरिकेत गेल्या होत्या. पुढे त्यांतल्या कित्येक इंग्लंडला परत आणून त्यांचे सुकाणू डावीकडचे उजवीकडे केले गेले. सुकाणू बदलले तरी नंबर ८७५ चाच राहतो. बॉडी नंबरही असेच बोलतो: ३.८ लिटरच्या काळात उघड्या गाडीच्या बॉडी नंबरापुढे 'आर' आणि बंद गाडीच्या पुढे 'व्ही' हे अक्षर असे.

इंजिनाचेही तसेच. ३.८ लिटरच्या इंजिनाचा नंबर 'आर' अक्षराने सुरू होतो, पहिल्या मालिकेतील ४.२ लिटरचा '७ई' ने, दुसऱ्या मालिकेचा '७आर' ने आणि बारा सिलिंडरच्या इंजिनाचा '७एस' ने. तेव्हा १९६२ च्या म्हणून दाखवलेल्या गाडीत '७ई' इंजिन दिसले, तर पुढचे बोलणे त्यावरूनच सुरू करावे.

तिसरी पायरी: आकडे कुठे आणि कसे ठोकले आहेत

पट्टीवर सर्व काही बरोबर असले तरी समाधान मानू नये. कारण पट्टी स्क्रूने बसवलेली असते आणि तशा नव्या पट्ट्या बाजारात मिळतात. खरी साक्ष देते ते गाडीचे अंग. ई-टाइपचा चासी नंबर पुढच्या चौकटीवर, उजव्या शॉक ॲब्सॉर्बरच्या बैठकीवर ठोकलेला असतो. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वरच्या बाजूस आणि पुन्हा हेडच्या पुढच्या टोकाला असतो. गिअरबॉक्सचा नंबर त्याच्या स्वतःच्या अंगावर असतो. पट्टीवरचा आकडा, अंगावरचा आकडा आणि वहीतला आकडा, तिन्ही जुळले तर जाणकार त्या गाडीला 'मॅचिंग नंबर्स' ची गाडी म्हणतात.

पण आकडा जुळणे वेगळे आणि आकडा मूळचा असणे वेगळे. आमच्या जीपचाही आकडा पुस्तकाशी जुळतच होता! म्हणून आकड्यांचे अक्षर पाहावे लागते. हस्ताक्षर ओळखावे तसे हे काम आहे. सर्व आकडे एकाच ठशांच्या संचातले आहेत काय? खोली सारखी आहे काय? आकड्यांभोवतीची जागा ग्राइंडरने घासल्यासारखी चकचकीत किंवा खोलगट आहे काय? शेजारच्या धातूवर जुना गंज आणि तेवढ्याच जागेवर नवा रंग, असे का? संशय असेल तर त्याच काळातील, त्याच नंबराच्या आसपासच्या दुसऱ्या गाडीचा ठसा शेजारी ठेवून ताडून पाहतात. कागद आणि पेन्सिल हे साधन इथेही तेच.

ई-टाइपच्या बाबतीत एक अडचण मात्र प्रामाणिक आहे. तिचा मधला भाग पत्र्याच्या पेटीसारखा असून पुढे नळ्यांची चौकट बोल्टांनी जोडलेली आहे. हे तंत्र १९५५, १९५६ आणि १९५७ साली ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या 'डी-टाइप' गाडीवरून आलेले. या नळ्या आतून गंजतात आणि ज्या चौकटीवर नंबर असतो तीच बदलावी लागते. मग नव्या चौकटीवर जुना नंबर पुन्हा ठोकला जातो. हे फसवणुकीसाठीच केलेले असेल असे नाही. कारागिराने जुन्या चौकटीचा नंबर असलेला तुकडा जपून ठेवला असेल, कामाची बिले आणि छायाचित्रे असतील, तर ती दुरुस्ती होय. यांतले काहीच नसेल आणि विकणारा 'सर्व मूळचे' म्हणत असेल, तर प्रश्न उभा राहतो.

चौथी पायरी: पत्रा

या पायरीवर अण्णांसारख्या माणसाचे काम. ई-टाइपची बॉडी पोलादी पत्र्याची आहे. तेव्हा चुंबक पातळ कापडात गुंडाळून दारांचा खालचा भाग, चाकांच्या कमानी आणि दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांवरून हलके फिरवावे. जिथे ओढ कमी होते, तिथे रंगाखाली पुटीचा थर आहे असे समजावे. पत्रा बोटाने वाजवला तरी फरक कळतो. निरोगी पत्रा खणखणतो, पुटीची जागा बद्द वाजते.

कारखान्यातल्या आणि गॅरेजातल्या कामात फरक असतो. कारखान्यात पत्रे ठरावीक अंतरावर ठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडत आणि बाहेरून दिसणारे सांधे शिशाने भरत. दुरुस्तीच्या जागी सलग वेल्डिंगची रेघ सापडते. हे पाहण्यासाठी गालिचा उचलावा, डिकीतले अस्तर बाजूला करावे. मूळचा रंगही अशाच आडजागी सापडतो. वहीत रंग पांढरा आणि डॅशबोर्डाच्या मागे निळ्याचा थर, तर गाडी कोणत्या तरी दुसऱ्याच गाडीच्या अवयवांवर उभी आहे. अण्णा सांगतात, की रंगारी जिथे हात पोचतो तिथे रंग बदलतो. जिथे हात पोचत नाही तिथे गाडी खरे बोलते.

काळानुसार झालेले छोटे बदलही माहीत असावे लागतात. अगदी सुरुवातीच्या सुमारे पाचशे ई-टाइप गाड्यांचे बॉनेट बाहेरून किल्लीने उघडावे लागे; नंतर ती कुलुपे आत गेली. आरंभीच्या गाड्यांच्या बॉनेटवरील हवेच्या फटी वेगळ्या पट्टीत करून ती पट्टी वेल्ड केलेली असे; पुढे त्या बॉनेटच्या पत्र्यातच उठवल्या जाऊ लागल्या. १९६२ पर्यंत पाय ठेवण्याची जागा सपाट होती. नंतर उंच माणसाची अडचण होऊ नये म्हणून ती खोलगट करण्यात आली. अगदी आरंभीच्या गाड्यांना जास्त मागणी असल्यामुळे नंतरच्या गाडीला सपाट तळ आणि बाहेरची कुलुपे लावण्याचे उद्योगही होतात. म्हणून एकच खूण पाहून निर्णय करू नये. सगळ्या खुणा एकाच महिन्याकडे बोट दाखवतात का, ते पाहावे.

पाचवी पायरी: सुट्या भागांच्या तारखा

जुन्या इंग्रजी गाड्यांची विजेची यंत्रे बहुधा ल्युकास कंपनीची असत. डायनॅमो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर यांच्या अंगावर ती कंपनी बनल्याचा महिना आणि वर्ष ठोकीत असे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला नाण्यावरचे साल जसे उपयोगी, तसे हे आकडे उपयोगी पडतात. गाडी ऑक्टोबर १९६२ ची आणि डायनॅमो ऑगस्ट १९६२ चा, तर ठीक. भाग आधी बनतो, गाडी नंतर. डायनॅमो १९६४ चा निघाला, तर तो नंतर बसवलेला हे उघडच आहे.

यात दोष मानण्याचे कारण नाही. साठ वर्षांत डायनॅमो एकदाही बदलला नाही, असे उलट क्वचितच घडेल. किंबहुना एकूण एक भाग हवा त्याच महिन्याचा आणि सगळेच नव्यासारखे चकचकीत दिसत असेल, तर कोणी तरी ते मुद्दाम हुडकून आणून जुळवले असावेत, अशी शंका अनुभवी लोक घेतात. क्लचच्या पेडलाचे रबर झिजलेले, आसनाचे कातडे सुरकुतलेले, दाराच्या बिजागऱ्या सैल, आणि मीटरवर मात्र थोडेच मैल, असा विसंवादही बोलका असतो.

सहावी पायरी: मालकांची साखळी

शेवटी पुन्हा कागद. पण या वेळी जन्माचा नव्हे, आयुष्याचा. पहिला मालक कोण, त्याच्याकडून कोणाकडे, कोणत्या साली? जुनी नोंदणी पुस्तके, कराच्या पावत्या, दुरुस्तीची बिले, वार्षिक तपासणीचे दाखले, घरगुती छायाचित्रे, हे सर्व एका ओळीत लावून पाहतात. साखळीत दहा-पंधरा वर्षांची पोकळी असेल, तर त्या काळात गाडी कुठे आणि कोणत्या अवस्थेत होती, हे विचारावे. कारण मोठा घोटाळा बहुधा याच पोकळीत होतो. अपघातात चुराडा झालेल्या गाडीची पट्टी आणि कागद एक जण घेतो व त्यांवर नवी गाडी उभी करतो. पुढे कोणी तरी चुराडा झालेला मूळ सांगाडाही शोधून दुरुस्त करतो. मग एकाच नंबराच्या दोन गाड्या जगात फिरू लागतात आणि दोघेही मालक आपलीच खरी म्हणतात.

मग अस्सल म्हणजे नेमके काय?

इथपर्यंतचा भाग यंत्रशाळेचा झाला. पुढचा प्रश्न आपल्या शाखेचा आहे. गाडीचा एकेक भाग बदलत गेला, तर ती कधीपर्यंत 'तीच' गाडी राहते?

हा प्रश्न लंडनच्या उच्च न्यायालयापुढे १९९० साली खरोखरच आला होता. बेंटली कंपनीची 'ओल्ड नंबर वन' नावाची एक प्रसिद्ध गाडी. वुल्फ बर्नाटो यांनी १९२९ साली टिम बर्किन यांच्यासह आणि १९३० साली ग्लेन किडस्टन यांच्यासह ल मान्सची चोवीस तासांची शर्यत याच गाडीतून जिंकली. पुढे तिला आठ लिटरचे मोठे इंजिन बसवले गेले. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती उतारावरून बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी मृत्यू पावले. त्यानंतर तिची पुन्हा बांधणी होऊन तिला बंद टपाचे रूप मिळाले. अनेक दशकांनी एका कंपनीने ती १ कोटी पौंडांना घेण्याचा करार केला. पण मग ही खरी 'ओल्ड नंबर वन' नव्हेच, असे म्हणून पैसे देण्याचे नाकारले. प्रकरण कोर्टात गेले.

न्यायमूर्ती ऑटन यांनी निकालात एक महत्त्वाचा भेद केला. शर्यत जिंकणाऱ्या गाडीतले फारच थोडे भाग आज तिच्यात उरले आहेत, त्यामुळे शब्दशः अर्थाने तिला 'मूळची' म्हणता येणार नाही. परंतु ती कधी नष्ट होऊन नव्याने निर्माण झालेली नाही. बदल एकामागून एक, सलग, एकाच गाडीच्या आयुष्यात होत गेले आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही नाही. म्हणून ती अस्सल 'ओल्ड नंबर वन' आहे, असा निर्णय झाला आणि खरेदीदाराची बाजू पडली.

हे वाचताना मला 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथातील रथाची आठवण झाली. ज्या रथातून राजा मिलिंद आला, तो रथ म्हणजे चाक की आस की जू, असे भिक्षू नागसेन त्याला विचारतात. राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी या सर्व भागांच्या आधाराने 'रथ' हे नाव चालते, असे उत्तर निघते. दोन हजार वर्षांपूर्वीचा रथाचा प्रश्न विसाव्या शतकात मोटारीच्या रूपाने न्यायालयात उभा राहिला, हे पाहून मौज वाटते.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. १९६३ साली जॅग्वारने शर्यतीसाठी ॲल्युमिनियमच्या हलक्या ई-टाइप गाड्या काढायच्या ठरवल्या. नंबर अठरा राखले; गाड्या मात्र बाराच बनल्या. उरलेल्या सहा नंबरांवर कंपनीने २०१४ पासून पुढे सहा गाड्या नव्याने बनवल्या. कंपनी तीच, आराखडा तोच, नंबरही त्याच यादीतले. तरीही त्यांना कोणी १९६३ च्या गाड्या म्हणत नाही. कंपनीनेही त्या नव्या म्हणूनच विकल्या, त्यामुळे फसवणुकीचा प्रश्नच आला नाही.

या दोन उदाहरणांवरून मला असे वाटते, की अस्सलपणाचे दोन भाग आहेत. एक गाडीचा: तिचा इतिहास तुटलेला नसावा. दुसरा विकणाऱ्याचा: त्याने जे आहे ते तसे सांगावे. बदललेले इंजिन हा दोष नव्हे. बदललेले इंजिन मूळचे म्हणून विकणे हा दोष होय. टप कापलेली गाडीसुद्धा टप कापलेली म्हणून योग्य भावात आनंदाने घेता येते.

आपल्या देशातील कायद्यालाही हा प्रश्न आता पडला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेले, मूळ स्वरूपात जपलेले आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेले दुचाकी वा चारचाकी वाहन त्यात बसते. त्याच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. तेव्हा मूळ स्वरूप म्हणजे काय, हा केवळ हौशी लोकांच्या गप्पांचा विषय राहिलेला नाही.

समारोप

सहा पायऱ्यांचे हे सारे विवेचन जॅग्वारच्या निमित्ताने केले असले, तरी त्यातली पद्धत कोणत्याही जुन्या वाहनाला लागू पडते. नोंद मिळवावी, आकड्यांची भाषा समजून घ्यावी, आकडे प्रत्यक्ष धातूवर वाचावेत, पत्रा तपासावा, भागांच्या तारखा लावाव्यात आणि मालकांची साखळी पाहावी. यासाठी लाखो रुपये लागत नाहीत. एक कागद, एक पेन्सिल, एक चुंबक आणि थोडा धीर लागतो. आमच्याकडे त्या दिवशी चुंबक नव्हते, पण कागद आणि पेन्सिल माझ्या दप्तरात होती. ही रुखरुख मला कायम राहील.

आता अण्णांकडे कोणी जुनी गाडी दाखवायला आणली, की ते मला बोलावून घेतात. मी पुस्तकातला एकेक आकडा म्हणतो, अण्णा चासीपाशी वाकून त्यावर बोट ठेवतात आणि 'हां' म्हणतात. त्यांनी 'हां' म्हटल्याशिवाय मी पुढचा आकडा उच्चारीत नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी स्वतःहून सुरू केली आहे. गाडीचे काम झाले की कोणत्या भागात पुटी भरली आणि कोणता पत्रा बदलला, हे ते मला पावतीवर लिहायला लावतात. काही गिऱ्हाइकांना ते आवडत नाही. गाडी विकताना अडचण येईल म्हणतात. एक-दोघे त्यामुळे दुसऱ्या गॅरेजात गेलेही. पावतीवर अक्षर माझे असते, सही अण्णांची.

(द्वितीय वर्ष कला)